बॅगेत टेप ठेवा: परदेशातली देखणी हॉटेलं आणि ठाण्यातलं आपलं घर

आमच्या सुतारमामांनी मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ताई, फोटो झकास आहे. पण ह्याची उंची किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिंगापूर-बँकॉकच्या सहलीतून हॉटेलांचे दोनशेच्या वर फोटो आणले होते आणि एकाही फोटोत माप नव्हतं.

तरी काम काढलं. फोटोतल्यासारखी पलंगामागची अख्खी भिंत गडद अक्रोडी लॅमिनेटने मढवली, छत पीओपीने खाली आणलं, त्यात दिवे बसवले. हॉटेलची ती खोली होती चांगली ऐसपैस, एक बाजू पूर्ण काचेची. मानपाड्याची आमची बेडरूम दहा बाय अकरा, खिडकी एक, तीही समोरच्या टॉवरकडे तोंड करून. काम संपलं तेव्हा खोलीत शिरताना कपाटात शिरल्यासारखं वाटायचं. आठ महिन्यांत निम्मं काढून टाकलं. पैसे गेले ते गेलेच.

त्यानंतरच्या श्रीलंका आणि जपानच्या सहलींत मी मापाची टेप आणि वही घेऊन गेले. त्या दोन वह्यांमधून आमचं घर खरंच सुधारलं. हॉटेलच्या खोलीत आपल्याला बरं वाटतं ते बहुतेक वेळा मापांमुळे आणि उजेडामुळे. लाकूड कुठलं आणि कापड कुठलं हे त्यानंतर येतं. दिवाळी-मेच्या सुट्टीत पहिल्यांदा बाहेर निघालेले आणि परत येऊन घराचं काम काढायच्या बेतात असलेले बरेच जण तिकडे काय बघायचं आणि घरात काय आणायचं ते मला विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. निघायच्या आधी घराच्या तक्रारी लिहून काढा

ही पायरी लोक हमखास गाळतात. फ्रिजवर एक कागद लावा आणि पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकाला जे खटकेल ते लिहू द्या. आमच्या कागदावर आलेल्या गोष्टी अशा होत्या: सासूबाई रात्री उठल्या की ट्यूब लावावी लागते आणि सगळे जागे होतात. अंथरुणात वाचता येत नाही. सकाळी सहाला पडद्याच्या फटीतून ऊन डोळ्यांवर येतं. बाथरूमची फरशी दिवसभर ओली. दाराशी चपलांचा ढीग. बाहेरून आलं की पर्स, हेल्मेट, किल्ल्या जेवणाच्या टेबलावर.

हा कागद मोबाईलमध्ये फोटो काढून सोबत न्या. हॉटेलात काय पाहायचं ते तोच ठरवतो. कागद नसेल तर माणूस झुंबरं बघत बसतो.

सोबत आपल्या खोल्यांची मापंही न्या: लांबी, रुंदी, फरशीपासून छतापर्यंतची उंची, खिडकीची चौकट जमिनीपासून किती वर ते, दार कुठल्या बाजूला उघडतं ते. एक पान पुरतं.

२. सगळ्या रात्री महागड्या हॉटेलात घालवायची गरज नाही

सात रात्रींची सहल असेल तर पाच रात्री साध्या, स्वच्छ हॉटेलात काढा आणि दोन रात्री ज्याची मांडणी अभ्यासायची आहे तिथे राहा. पुष्कळ हॉटेलांच्या लॉबीत, कॉफी शॉपमध्ये न राहताही जाता येतं. एक कॉफी घेऊन तासभर बसलात की भरपूर दिसतं.

निवडताना तारे मोजू नका. हे कोणी आखलं, ते शोधा. आर्किटेक्टचं नाव सापडतं तिथे बहुधा विचार सापडतो. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने लक्ष द्यावं अशी काही ठिकाणं:

श्रीलंका हा आपल्यासाठी सगळ्यात जवळचा धडा आहे. हवा आपल्यासारखी, पाऊस आपल्यासारखा, त्यामुळे तिथलं जे पाहाल ते ठाण्यात टिकतं. जेफ्री बावा (१९१९ ते २००३) हे तिथले थोर आर्किटेक्ट. आधी वकील होते, अडतिशीत आर्किटेक्ट झाले. दांबुल्लाजवळचं त्यांचं कंदलामा हॉटेल डोंगराच्या कड्याला चिकटून, खांबांवर उभं आहे. आत शिरताना गुहेतून गेल्यासारखं वाटतं, कारण मूळ खडक तसाच आत येऊ दिलाय. कॉरिडॉर उघडे, बाहेरून वेली इमारतीवर सोडलेल्या, समोर तलाव आणि लांबवर सिगिरिया. भिंतींवर जवळजवळ काहीच नाही, कारण बघायचं ते बाहेर आहे. आपल्याकडे येऊरचा डोंगर दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये लोक खिडकीसमोर टीव्ही युनिट उभं करतात, ते आठवून मला तिथे वाईट वाटलं. कोलंबोत बावांचं स्वतःचं घरही आधी नोंदणी करून पाहता येतं. चार लहान घरं जोडून केलेलं आहे आणि उजेड वरून चौकांमधून आत घेतलाय. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर ते बघावंच.

जपानमध्ये एक रात्र तरी र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक उतारशाळेत काढा. खोलीचं माप चौरस फुटांत सांगत नाहीत, तातामी चटया किती बसतात त्यावर सांगतात. एक चटई साधारण तीन फूट बाय सहा फूट. सहा चटयांची खोली म्हणजे जवळपास आपली नऊ बाय बारा. दिवसा त्या खोलीत एक बुटकं टेबल असतं, संध्याकाळी टेबल बाजूला सरकवून गाद्या घालतात, सकाळी त्या कपाटात जातात. चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. गिरगावात माझ्या आजोळी दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं अशीच राहायची. फरक एवढाच, की र्योकानमध्ये गादीसाठी मापात केलेलं खोल कपाट असतं. आपल्या गाद्या ट्रंकेवर रचलेल्या असायच्या आणि वर चादर पांघरलेली.

टोकियोच्या ओकुरा हॉटेलची १९६२ची लॉबी आर्किटेक्ट योशिरो तानिगुची यांची. जुनी इमारत २०१५ मध्ये पाडायला घेतली तेव्हा जगभरातून हळहळ झाली. २०१९ मध्ये नवं हॉटेल उघडलं तेव्हा त्यांचे चिरंजीव योशिओ तानिगुची यांनी तीच लॉबी पुन्हा उभी केली. लटकते षटकोनी माळांचे दिवे आणि फुलासारखी मांडलेली टेबलं-खुर्च्या यांसाठी ती ओळखली जाते. बसल्यावर नजर कुठे येते, तेवढ्यासाठी तरी तिथे बसा. सगळं बुटकं आहे, म्हणून छत उंच वाटतं.

युरोपला जाणार असाल तर कोपनहेगन. डॅनिश आर्किटेक्ट आर्न याकबसन यांनी एसएएस रॉयल ह्या १९६० मध्ये उघडलेल्या हॉटेलची इमारत आखली, खुर्च्या आखल्या, काटे-चमचे आणि दाराची मूठही आखली. आज जिच्या नकला फर्निचरच्या दुकानांत मिळतात ती 'एग चेअर' ह्याच हॉटेलसाठी जन्मली. ६०६ क्रमांकाची खोली हॉटेलने मूळ रूपात जपली आहे.

मोरोक्कोत मराकेशचे रियाद: बाहेरून कोरी भिंत, आत चौक, चौकाभोवती खोल्या. चौसोपी वाडाच तो. तिथल्या न्हाणीघरांच्या भिंतींना 'तादेलाक्त' नावाचा चुन्याचा गिलावा असतो. गुळगुळीत दगडाने घासून, काळा साबण चोळून तो पाणी धरणार नाही असा करतात. सिंगापूरला गेलात तर पिकरिंग रस्त्यावरचं डब्ल्यूओएचए ह्या आर्किटेक्टांनी केलेलं, २०१३ मध्ये उघडलेलं बागांचं हॉटेल बाहेरून आणि लॉबीतून पाहा, बाल्कनीतल्या झाडांबद्दल पुष्कळ कळेल. मरीना बे सँड्सचा ५७व्या मजल्यावरचा तलाव मात्र फक्त तिथे उतरलेल्यांनाच खुला असतो, एवढं आधी माहीत असू द्या.

३. बुकिंग करताना फसायच्या जागा

फोटोतली खोली तुम्हाला मिळणारी खोली नसते. पहिला फोटो बहुतेक सगळ्यात महागड्या सुइटचा असतो. ज्या श्रेणीचे पैसे भरताय, त्या श्रेणीचे फोटो उघडून बघा आणि चौरस मीटरमध्ये दिलेला आकार वाचा. चौरस मीटरला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट. १८ चौरस मीटर म्हणजे जेमतेम १९४, बाथरूम धरून.

किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर सेवा शुल्क आणि कर वेगळे. थायलंडमध्ये १० टक्के सेवा शुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के कर लावतात. म्हणजे ८,००० रुपयांची खोली ९,४१६ला पडते. काही शहरांत त्यावर पर्यटक कर असतो, तो काउंटरवर रोख मागतात.

जपानमध्ये 'सेमी डबल' लिहिलेला पलंग १२० सेंटिमीटर म्हणजे चार फूट रुंदीचा असतो. नवरा-बायको दोघांना रात्रभर कूस बदलता येत नाही. युरोपात 'डबल' म्हणजे कित्येकदा दोन सिंगल गाद्या शेजारी लावलेल्या. मराकेशच्या रियादांत आणि युरोपातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसू शकते. गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल तर आधी मेल करून विचारा.

आणि हे मोकळेपणाने लिहिते, कारण आमची फार पंचाईत झाली होती: नव्या धाटणीच्या हॉटेलांत खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये चक्क काच असते. सासू-सासरे, मोठी मुलं एका खोलीत राहणार असतील तर बाथरूमचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

चेक-इन करताना कार्डावर ठेव म्हणून रक्कम अडकवतात. डेबिट कार्ड दिलंत तर ती सुटायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढे पैसे प्रवासात हाताशी नसतात, म्हणून क्रेडिट कार्ड द्या. मशीनने 'रुपयात की तिथल्या चलनात' विचारलं तर तिथलं चलन निवडा. रुपयात दर नेहमी महाग पडतो.

४. कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालू असलेला बरा, बरेच देश तेच मागतात. शेंगेन देशांसाठी (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) नियम थोडा वेगळा: त्या भागातून निघाल्यानंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत दिलेला आणि दोन पानं कोरी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. पण सुट्टीच्या दिवसांत वेळ मिळतानाच महिना जातो, तेव्हा पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

फाईलमध्ये ठेवा: पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट, फोटो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट (बँकेच्या सही-शिक्क्यासह), तीन वर्षांचे आयटी रिटर्न, नोकरीचं पत्र आणि रजेचं पत्र, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीचं हॉटेल, विमा. हॉटेलच्या आरक्षणात प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव हा घोळ आपल्या बायकांच्या बाबतीत हमखास होतो.

व्हिसा हातात येईपर्यंत 'रद्द केल्यास पैसे परत' असंच बुकिंग करा. स्वस्त पडतं म्हणून आधीच पक्कं बुकिंग करून लोक पस्तावतात.

५. बॅगेत काय घ्यायचं

पाच मीटरची टेप, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेली. धातूची टेप चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात. पर्समध्ये शिंप्याची कापडी टेप असू द्या.

चौकटींची वही आणि पेन्सिल. एक चौकट म्हणजे सहा इंच, असं धरलं की खोलीचा नकाशा पाच मिनिटांत होतो.

रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. मोबाईल रंग बदलतो. पिवळ्या दिव्याखाली काढलेला पांढऱ्या भिंतीचा फोटो घरी आल्यावर क्रीम दिसतो. शेड कार्ड भिंतीला लावून डोळ्यांनी जुळवा आणि नंबर लिहून घ्या. हे दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ करा.

फोनमधली मापाची ॲपं सुतारकामाला चालत नाहीत, दोन-दोन इंचांचा फरक पडतो.

६. खोलीत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं

बॅगा दाराशीच ठेवा, पलंगावर कुणी बसायचं नाही, मुलांनाही तेवढं सांगा. खोली आवरलेली आहे तशी एकदाच मिळते. चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो काढा, मोबाईल छातीच्या उंचीवर आणि सरळ धरून. मग टेप काढा.

ह्या क्रमाने मोजा:

जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. मी ज्या पलंगांवर सगळ्यात सहज बसले-उठले, ते २१ ते २२ इंचांचे निघाले. आमच्या घरचा होता १७. सासूबाईंना उठताना हात धरावा लागायचा त्याचं कारण मला तिथे, कोलंबोतल्या एका लहानशा हॉटेलात कळलं.

पलंगाशेजारचं टेबल गादीपेक्षा किती खाली किंवा वर आहे. बटणं जमिनीपासून किती उंच आणि उशीपासून किती लांब आहेत. झोपल्या झोपल्या हात लांब करून पाहा. हात पोचला की तिथे माप घ्या.

पलंगाभोवती चालायला किती जागा सोडली आहे. अडीच फूट असेल तर सुखाने जाता येतं, दोन फुटांत अंग तिरकं करावं लागतं.

पडदा कुठून सुरू होतो. चांगल्या हॉटेलांत तो खिडकीच्या चौकटीवरून लोंबत नाही. छतापासून जमिनीपर्यंत आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत जातो, म्हणून लहान खिडकी मोठी दिसते. दोन थर असतात: काचेकडे विरविरीत, खोलीकडे अंधार करणारा. मधोमध दोन पल्ले एकमेकांवर किती चढतात ते मोजा. आमच्या सकाळच्या उन्हाचं औषध त्या सहा इंचांत होतं.

दाराजवळचा पहिला चार फुटांचा पट्टा स्वतंत्र पाहा: आरसा, खुंट्या, बूट ठेवायची जागा, किल्लीची जागा, बॅग ठेवायचं बाक. आपल्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट हॉल असतो आणि हा पट्टाच नसतो. आम्ही चौदा इंच खोल बाक केलं, बसून बूट घालता येतात, खाली चपला. जेवणाचं टेबल मोकळं झालं.

प्रत्येक वस्तूचा फोटो काढताना शेजारी एटीएम कार्ड धरा. कार्डाचा आकार जगभर सारखाच असतो. माप घ्यायचं राहिलं तरी घरी त्यावरून अंदाज बांधता येतो.

७. अंधार पडला की दिवे वाचा

ह्या पायरीला पूर्ण एक संध्याकाळ द्या. माझ्या मते हॉटेल आणि घर यांतला निम्मा फरक इथेच आहे, आणि तो भरून काढायला खर्चही सगळ्यात कमी येतो.

सगळे दिवे बंद करा. मग एकेक बटण दाबा आणि प्रत्येक दिवा काय करतो ते लिहा: हा वाचायला, हा पडद्यावर पडतो, हा आरशासमोर चेहऱ्यावर, हा पलंगाखाली पायाशी. तुमच्या लक्षात येईल की छताच्या मधोमध दिवा बहुधा नसतोच. उजेड पाच-सहा लहान ठिकाणांहून येतो आणि त्यातले बरेच दिवे कमरेच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर असतात.

दुसरी गोष्ट रंग. दुकानात बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. आपण सवयीने ६५०० आणतो, तो निळसर पांढरा. हॉटेलांत २७०० ते ३०००, म्हणजे पिवळसर. स्वयंपाकघरात ओट्यावर ४००० ठेवा, निवडणं-टिपणं नीट दिसतं. बेडरूममध्ये ६५००ची ट्यूब काढून २७००चे दोन लहान दिवे लावले, त्या रात्री आमच्या घरात कुणी फोन न बघता झोपलं होतं.

आता एक धोका, जो मला कुणीच सांगितला नव्हता. हॉटेलात एसी असतो, पंखा नसतो. आपल्याला पंखा लागतोच. पीओपीतले गोल दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर, परिघाच्या आत आले तर पाती उजेड कापतात आणि खोलीभर सावली लुकलुकत राहते. दहा मिनिटांत डोकं दुखतं. आमच्या इंटिरिअरवाल्याने चारही दिवे तसेच बसवले होते. पंख्याचा व्यास चार फूट असेल तर मध्यापासून अडीच-तीन फुटांच्या बाहेरच दिवे घ्या. आणि पंख्याची पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास राहावीत. छत खाली आणायचं म्हणताना हा हिशेब आधी.

८. बाथरूम

जपानमधलं बाथरूम बघाच. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकच्या आधी हॉटेल न्यू ओतानीच्या हजारावर खोल्या वेळेत पुऱ्या करायच्या होत्या, म्हणून तोतो कंपनीने कारखान्यात तयार केलेली बाथरूमं आणून बसवली. तेव्हापासून तिथल्या साध्या हॉटेलांतही अशी एकसंध बाथरूमं दिसतात. आपल्या चार बाय सहाच्या बाथरूमवाल्यांनी त्यातून घ्यायच्या गोष्टी दोनच: ओला भाग आणि कोरडा भाग वेगळा, आणि प्रत्येक वस्तू हात पोचेल तिथे. मध्ये काच नको असेल तर दोन इंचांचा उंबरठा आणि पडदा पुरतो. फरशीचा उतार कुठे जातो ते पाहायला शॉवर बंद केल्यावर पाणी किती वेळात ओसरतं ते बघा.

कोनाडे मोजा. शॅम्पूच्या बाटलीला बारा इंच उंची लागते.

९. पाळायच्या मर्यादा

लॉबीत माणसं दिसतील असे फोटो काढू नका. स्टँड लावायचा असेल तर विचारा. मी "आमच्या घराचं काम आहे, हे माप घेतलं तर चालेल का?" असं विचारलं, तेव्हा कुणीही नाही म्हटलं नाही. कोलंबोत तर हाउसकीपिंगच्या ताईंनी पलंगाचं कापड सरकवून खालची चौकट दाखवली. र्योकानमध्ये तातामीवर चपला नकोत आणि बॅगेची चाकंही ओढायची नाहीत. भिंतीतला जो कोनाडा चित्रासाठी-फुलासाठी राखलेला असतो तिथे सामान ठेवायचं नाही, तो त्यांचा देव्हाऱ्याइतका जपलेला कोपरा आहे. टॉवेल, हँगर, ट्रे घरी आणायचे नाहीत, हे लिहावं लागू नये.

१०. तिकडून काय विकत घ्यावं

कापड, मूठ-खुंट्या, लहान मातीची भांडी. दिवे घेताना जपून: जपानची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२०, आपली २३०. तिकडचा टेबललॅम्प इथल्या प्लगमध्ये लावला की जळतो. होल्डरही वेगळा, तिकडे आट्यांचा, आपल्याकडे बहुतेक पिनचा. कच्चं लाकूड, बांबू, वाळलेली फुलं-बिया आणू नका, विमानतळावर अडवतात. चादरी घेताना आपल्या गादीचं माप जवळ ठेवा.

बाकीचं इथे मिळतं. पडद्याचं कापड मंगळदास मार्केटला, दिवे आणि प्रोफाइल (एलईडी पट्टी बसवायची ॲल्युमिनियमची पन्हळ) लोहार चाळीत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मापं देऊन करून घेता येतं. तुर्भ्याला आयकिया आहे, तिथे जाऊन वहीतल्या मापांचा पलंग, बाक, टेबल प्रत्यक्ष शोधा आणि त्यावर बसून पाहा. काही विकत घेतलं नाही तरी तुमचं माप बरोबर आहे का ते कळतं.

११. घरी आल्यावर: आधी सोसायटी, मग सुतार

सोसायटीकडे अर्ज, कामाचं वर्णन, कामगारांची ओळखपत्रं, अनामत रक्कम. कामाच्या वेळा आणि डेब्रिज कुठे टाकायचं ते लेखी घ्या. बाथरूमची फरशी उकरणार असाल तर खालच्या मजल्यावाल्यांना स्वतः जाऊन सांगा.

मग भिंत तपासा. घोडबंदरच्या नव्या टॉवरांत कित्येक ठिकाणी मायवान पद्धत आहे: ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती सळ्यांसकट काँक्रीटच्या ओततात. त्या भिंती इमारतीचा भार धरतात. पलंगाशेजारी नवीन बटण हवं म्हणून त्यात झिरी मारायची नाही, सळई कापली जाते. त्यासाठी पलंगामागे दोन इंचांचं पॅनेल उभं करा आणि वायर त्याच्या आतून न्या. बटणं हवी तिथे येतात, भिंतीला हात लागत नाही. नौपाड्यातल्या, वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत विटांच्या भिंती असतात, तिथे झिरी मारता येते, पण आधी ओल आहे का ते पाहून घ्या.

सुताराला फोटो शेवटी दाखवा. आधी कागदावर समोरून दिसणारं चित्र काढा आणि प्रत्येक रेघेवर माप लिहा. आपले सुतार फूट, इंच, सुतात बोलतात (आठ सूत म्हणजे एक इंच), तेव्हा सेंटिमीटर आधीच बदलून ठेवा. काम सुरू करण्याआधी भिंतीवर आणि जमिनीवर चिकटपट्टीने खऱ्या मापात आखणी करा आणि दोन दिवस त्या घरात वावरा. आमचं बाक आधी अठरा इंच खोल ठरलं होतं. चिकटपट्टी लावली त्याच संध्याकाळी गॅस सिलिंडरवाले दादा तिथे अडखळले आणि ते चौदावर आलं.

१२. पावसाळ्याची चाळणी लावा

जे आवडलं ते जून ते सप्टेंबर आपल्या हवेत टिकेल का, हे शेवटी विचारा. कागदी वॉलपेपर बाहेरच्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत सुटतो. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा दमट वास धरतो, त्यापेक्षा धुता येणारी सतरंजी बरी. कापडाने मढवलेलं पलंगाचं डोकं घ्यायचं तर कव्हर काढता येईल असं शिवून घ्या. प्लाय बाथरूम-स्वयंपाकघराजवळ आयएस ७१० शिक्क्याचाच (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय), कपाटाच्या आत कोरड्या जागी आयएस ३०३ (साधा प्लाय) चालतो. शिक्का प्रत्येक शीटवर स्वतः बघा, बिलावर लिहिलेलं पुरत नाही.

सगळं एकदम काढू नका. आम्ही पलंगाखालच्या दिव्यापासून सुरुवात केली, कारण फ्रिजवरच्या कागदावर तीच तक्रार पहिली होती. २७०० केल्विनची एलईडी पट्टी, ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, पलंगाच्या आतल्या कडेला, जमिनीपासून आठ इंचांवर, म्हणजे दिवा दिसत नाही आणि फक्त फरशी उजळते. सोबत हालचालीवर लागणारा सेन्सर. तो पायथ्याकडे, जमिनीकडे तोंड करून लावा. आमच्याकडे आधी उशाकडे लावला होता, तर सासूबाईंनी कूस बदलली तरी दिवा लागायचा.